सायकलीवर निघालो, पेटीतून पोचलो

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा विचार करण्यात माझा चहा गार झाला. पण न सांगून जातोय कुठं? आज ना उद्या देवळालीकडचा कुणी तरी भेटेलच तुम्हाला, आणि तो हा किस्सा मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. ज्याची शोकसभा झाली त्यानेच ती वर्णन करून सांगावी, असा योग पुन्हा कुठे येणार?

सुरुवात आईपासून करावी लागेल.

आई गेली ती वैशाखात. माझ्या निवृत्तीला महिनाभर राहिला होता आणि सरकारला माझी शेवटची आठवण झाली होती, म्हणून मला निवडणुकीच्या ड्युटीवर भंडारदऱ्याच्या वर एका डोंगरवाडीत पाठवलं होतं. तिथं फोन लागत नव्हता. निरोप पोचला तेव्हा मतदान चालू होतं. मतदान यंत्र जमा केल्याशिवाय कारकुनाला आई मेली तरी हलता येत नाही, हा नियम मी स्वतः इतरांना कित्येकदा वाचून दाखवलेला!

इकडं देवळाली प्रवराच्या अलीकडं आमच्या वस्तीवर म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं की थोरल्याला तोंड दिसल्याशिवाय न्यायचं नाही. धाकटा भाऊ अशोक तिथंच असतो, ऊस बघतो. त्यानं बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या लाद्या आणल्या आणि त्यावर आईला ठेवलं. वैशाखातलं ऊन. लाद्या वितळायच्या, तो नव्या आणायचा.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पाणी उंबऱ्यावरून ओघळत पार रस्त्यापर्यंत आलं होतं आणि त्या पाण्यात भेटायला आलेल्या माणसांच्या चपला तरंगत होत्या. आईचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं. जिनं उभ्या जन्मात परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिची ही अवस्था अख्खी वस्ती बघत होती. अशोक टॉवेलनं तिचे हात पुसत बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "दादा, बर्फ टिकंना रं."

त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं. वस्तीसाठी शीतपेटी आणायची. तुम्ही बघितली असेल. लांबोडकी पेटी, वर पारदर्शक झाकण, खाली गार करायचं यंत्र. आईच्या नावानं द्यायची. पुन्हा कुणाच्या आईवर बर्फाची पाळी येऊ नये.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं माझं डोकं चाललं.

सावेडीत आमची सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्तांची एक टोळी आहे. त्यांच्यापुढं मी पेटीसाठी वर्गणीचा विषय काढला. सगळ्यांनी एकदम चप्पल झटकायला घेतली. मग एक जण म्हणाला, "नुसता हात पुढं केला तर कोण देणार? तुमचे काही कष्ट दिसले पाहिजेत. लोक आईवडिलांच्या नावानं सायकल चालवतात, पेपरात येतं."

आणि मी, ज्यानं अख्खी नोकरी एका खुर्चीवर आणि तिच्या उशीवर काढली, तो म्हणालो, "मी सावेडीपासून आमच्या वस्तीपर्यंत सायकलवर जाईन. वर्षश्राद्धाच्या दिवशी!"

वर्गणी जमली हो! माझ्या आईवर सगळ्यांची श्रद्धा होती म्हणून नाही. मी कुठं पडतो ते बघायची सगळ्यांना उत्सुकता होती.

घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही दळण आणायला स्कूटर काढता. गिरणी खिडकीतून दिसते आपल्या."

"आईसाठी करतोय."

"सासूबाई असत्या तर त्यांनी सायकलीची हवा सोडली असती." एवढं बोलून ती आदल्या दिवशीच श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी वस्तीवर निघून गेली.

ठरल्या दिवशी सकाळी टोळीनं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. सायकल एका मित्राच्या मुलाची, गिअरची. तिचं सीट इतकं अरुंद की ते माणसासाठी बनवलं की पोपटासाठी, असा प्रश्न पडावा. ट्रकच्या हॉर्ननं कान फाटू नयेत म्हणून मी कानांत कापूस घातला. अंगात पांढरा स्वच्छ टीशर्ट. हे तपशील लक्षात ठेवा. मला ठेवायची गरज पडली नाही, वस्तीनं ठेवले.

माझ्यामागं शब्बीरचा छोटा टेम्पो. शब्बीर सावेडीतलाच, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, बोलका माणूस. टेम्पोत मागं नवी कोरी पेटी, पुढच्या सीटवर आईचा फ्रेम केलेला फोटो. पेटीला बॅटरी जोडून चालू ठेवली होती. दुकानदारानं बजावलं होतं की उद्घाटनाला पाहुण्यांनी हात लावून बघितला तर गार लागला पाहिजे.

नगर-मनमाड रस्त्यानं देवळालीकडं जाताना विळदचा घाट उतरणीचा लागतो. म्हणजे तिथं पायडल मारायचंच नाही, नुसतं बसून राहायचं. मी त्या उतारावर दमलो! ब्रेक दाबून दाबून दोन्ही हातांची बोटं वाकडी झाली. पुढं सपाटी आली तशी समोरून गरम वारा सुरू झाला. एका खड्ड्यात सायकल उतरली आणि हँडलला लावलेला मोबाईल उडून कंटेनरच्या चाकाखाली गेला. देहऱ्याच्या पुढं माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि मी सायकलीसकट रस्त्याच्या कडेला अलगद आडवा झालो.

शब्बीर धावत आला. पाणी पाजलं. माझा चेहरा बघून त्यालाच घाम फुटला. "भाऊसाहेब, तुमी आता बसा गाडीत. सायकल मी टाकतो मागं."

"पुढं आईचा फोटो आहे."

"मांडीवर घ्या."

"मला बसवत नाही रे. आडवं व्हायला पाहिजे."

आम्ही दोघांनी टेम्पोत मागं बघितलं. एका बाजूला सायकल कोंबली की उरलेल्या जागेत फक्त पेटी. माणसाच्या मापाची. गार.

कुणी आधी सुचवलं यावर आमचा अजून वाद आहे. तो म्हणतो मी, मी म्हणतो तो.

"झाकण मी अर्धंच ठेवतो," शब्बीर म्हणाला. "आवो, आपल्याच पैशाची हाय. कोन काय म्हननार?"

मला फार मोह झाला. ऊन माझ्या टाळूतून आत शिरत होतं. मी त्याला बजावलं, "वस्तीच्या अलीकडं कालव्याचा पूल आहे. तिथं मला उठव. तिथून मी सायकलवर जातो. कुणाला काही कळायला नको."

आत पडलो. अहाहा! गारवा पायांपासून वर चढला. गळ्यातला हार टोचत होता, तो काढून मी झाकणावर ठेवला. दुसऱ्या मिनिटाला झोप लागली.

यापुढचं बरंच मला नंतर समजलं, पण तुम्हाला क्रमानं सांगतो.

राहुरीत गाड्यांची कोंडी झाली होती. टेम्पो थांबला. शेजारी मोटारसायकलवर आमच्या वस्तीवरचा किसन. त्यानं सहज बघितलं तर आतून धुकं धरलेलं झाकण, त्यावर झेंडूचा हार, झाकणाखाली पांढऱ्या कपड्यांतले भाऊसाहेब, आणि त्यांच्या कानांत कापूस. किसननं हात जोडले. शब्बीरला वाटलं, आईच्या फोटोला जोडले. त्यानंही भक्तिभावानं मान लववली. किसनची खात्री पटली. तो फटीतून मोटारसायकल घालून सुसाट वस्तीवर.

तिथं माझ्या सत्काराचा मांडव घातलेला होता. माईक, खुर्च्या, शाल, नारळ, माझा भला मोठा फोटो. सोसायटीचे माजी चेअरमन अण्णा अध्यक्षस्थानी. किसननं गाडी लावली न लावली तोच ओरडला, "भाऊसाहेब गेलं! पेटीत घालून आनत्यात!"

"कशानं?"

"सायकलनं. दुसरं कशानं!"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "ईश्वराची इच्छा. मांडव हाय, माईक हाय, मानसं बी जमल्यात. फोटोला हार घाला." जो हार माझ्या गळ्यात पडणार होता तो फोटोला गेला. शाल पांघरायची होतीच. उभ्याला पांघरायची ती आडव्याला. नारळाचं तेवढं काय करायचं ते कुणाला सुचेना.

चार बाया स्वयंपाकघरात गेल्या. ही वडे तळत होती. किसनला पुढं घातलं. त्यानं रडत रडत सांगितलं, "वैनी, म्या सोत्ताच्या डोळ्यांनी बघितलं. कानांत कापूस बी घातलाय."

हिनं विचारलं, "चष्मा होता का डोळ्यांवर?"

किसन गडबडला. "व्हय... हुता की."

"मग झोपलेत. गेलेल्या माणसाचा चष्मा आधी काढून ठेवतात." आणि तिनं वडा उलटला.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. "धक्का बसलाय गं हिला! हिला रडवा, न्हाईतर डोक्यावर परिनाम व्हईल." मग तिला रडवायचा कार्यक्रम सुरू झाला. माझ्या आत्यानं तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. ही म्हणाली, "आत्याबाई, तेल तापलंय, लांब व्हा." याचाही अर्थ धक्का असाच घेतला गेला.

कालव्याच्या पुलावर टेम्पोला सामोरी पंधरावीस पोरं मोटारसायकली घेऊन उभी होती. एकाच्याही तोंडातून शब्द नाही. दोन गाड्या पुढं, बाकीच्या मागं, अशी ती पोरं टेम्पो हळूहळू घेऊन निघाली. शब्बीर म्हणतो, "मला वाटलं, कसली शिस्त आहे ह्या गावाला! एवढ्या इज्जतीनं घेऊन चाललेत, थांबवायचं कसं?"

म्हणून त्यानं मला उठवलं नाही.

मला जाग आली ती माईकच्या आवाजानं. कापसातूनही अण्णांचा आवाज खणखणीत येत होता.

"भाऊसाहेब म्हंजे देवमानूस! कचेरीत एवढं मोठं काम, पन गरिबाचा कागद त्यांनी एक दिस अडवला न्हाई!"

मी आत पडल्या पडल्या विचार केला, हा कोण बुवा? अण्णांच्याच जमिनीचा कागद माझ्या टेबलावर एक अख्खा पावसाळा काढून गेला होता.

"आनि मरान कसं आलं? आईचं नाव घेत, सायकलीच्या पायडलवर पाय ठेवून! शेवटच्या श्वासापत्तोर मानूस थांबला न्हाई!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी मेलोय.

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? उठून बसावं, हे तुम्ही खुर्चीत बसून म्हणाल. पण उठून बसलो तर सायकल चालवली नाही हे सगळ्या वस्तीला कळणार. वस्तीचं सावेडीला कळणार. ज्यांनी माझ्या घामावर वर्गणी दिली ते काय म्हणतील? आणि पडून राहावं, तर थोड्या वेळानं जाळणार! पडून राहण्यात अब्रू होती, उठण्यात जीव होता. कारकुनाला असा तिढा पडला की तो निर्णय पुढं ढकलतो. मीही ढकलला. डोळे मिटून पडलो. भाषण चांगलं रंगात आलं होतं, हेही कशाला लपवू?

शब्बीर खाली उतरून ओरडत होता, "ओ, जिवंत हायेत! झोपलेत!" पण कर्ण्यापुढं त्याचं कोण ऐकतो. दोघांनी त्याला धरून बाजूला नेऊन पाणी पाजलं.

मग टेम्पोवर कुणीतरी चढलं. झाकणावर कुणाचा तरी तळवा टेकला. धुक्यातून मला फक्त हात दिसत होता, ऊस तोडून चिरा पडलेला. अशोकचा.

तो रडत नव्हता. माझ्याशी नेहमी बोलतो तसा खालच्या आवाजात बोलला, "दादा, या बारीला काळजी न्हाई रं. ह्यात बर्फ वितळत न्हाई."

मग मात्र माझ्याच्यानं पडून राहवलं नाही. मी ताडकन उठून बसलो. झाकण अर्धंच उघडं होतं हे विसरलो. डोकं धाडदिशी आपटलं, हार उडाला, आणि झाकण घसरून पत्र्यावर असं वाजलं की मांडवात शांतता पसरली.

अण्णांच्या हातात माईक होता. त्यातून सगळ्या शिवाराला ऐकू गेलं, "आरं पळा!"

खुर्च्या उलथल्या. देवमाणसाला निरोप द्यायला आलेली माणसं देवमाणसापासून जमेल तितक्या वेगानं लांब गेली. अण्णा माईकच्या वायरीत अडकून पडले, तरी पळणं चालूच ठेवलं. आत्या खरोखरीची बेशुद्ध पडली. एक जण विहिरीकडं पळाला, त्याला काठावर धरला.

अशोक तेवढा जागचा हलला नाही. त्यानं माझ्या गालाला हात लावला. गाल गार. नाकापुढं हात धरला. मग त्याची नजर माझ्या शेजारी कोंबलेल्या सायकलीवर गेली, आणि पुन्हा माझ्यावर. त्याचा चेहरा असा लाल झाला की तो मला मारणार असं वाटलं. थोरल्याला मारायचं नाही हे आईनं शिकवलं होतं, म्हणून वाचलो.

"आईच्या पेटीत झोपलास?" एवढंच म्हणाला आणि खाली उतरून घरामागं निघून गेला. तिथं तो रडला, असं शब्बीर म्हणतो.

तेवढ्यात ही झारा घेऊनच बाहेर आली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चष्मा पुसा आधी. धुकं धरलंय."

तुम्ही म्हणाल, झालं, हसले आणि विसरले. नाही हो. खरा घोळ पुढं झाला.

पेटी समाजमंदिरात ठेवली. वर आईचं नाव कोरलेलं, अनसूयाबाई. पंधरा दिवसांत वस्तीवर एक म्हातारे वारले. मुलगा पुण्याहून यायचा होता. अशोक स्वतः जाऊन म्हणाला, पेटी न्या. ते म्हणाले, "नगं. त्या पेटीत जित्तं मानूस निजलंय. तिच्यातनं मानूस उठून बसतंय." आणि त्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या.

त्या दिवशी मी वस्तीवरच होतो. रस्त्यावर पाणी ओघळत आलं. मी ते बघत उभा राहिलो. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग आणखी एक म्हातारी गेली. तिथंही बर्फ. "अनसूयाबाईची पेटी लाभत न्हाई," असंच सगळे म्हणायला लागले. म्हणजे मी मारे आईच्या नावानं पेटी दिली, आणि आईचंच नाव अपशकुनी करून ठेवलं! सावेडीच्या टोळीनं माझी जी टिंगल केली ती मी केव्हाच पचवली. हे काही पचेना. अशोक माझ्याशी कामापुरतं बोलायचा. समाजमंदिरावरून जाताना तो मान दुसरीकडं फिरवायचा.

दसऱ्याला आम्ही वस्तीवर गेलो होतो. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, वैशाखाला लाजवणारं. सकाळी शेजारच्या मळ्यातला नामदेव आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याची आई पहाटे गेली होती. ओसरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भाऊसाहेब, बहीन सुरतहून निघालीय. उद्यापत्तोर येईल. पेटी न्यावी म्हनतो."

अशोक दारात उभा होता, तो तिथंच थांबला. मी म्हटलं, "ने की. तुमचीच आहे."

नामदेव उठेना. टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवत राहिला.

"एक इचारू का? तुमी आत हुता म्हनून इचारतो. दुसऱ्या कुनाला इचारनार?"

"विचार."

"आई लई गारठ्याची हो. उन्हाळ्यात बी दोन गोधड्या लागायच्या तिला. आत लई गार लागंल का?"

मेलेल्याला काय गार लागणार रे, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि गिळलं.

"पाठीला लागतं," मी म्हणालो. "खाली पत्रा आहे ना. वरून तेवढं वाटत नाही. पाठीखाली एक जाड गोधडी घाल."

"चालंल का तसं?"

"चालेल. आणि मानेखाली काहीतरी मऊ दे. मान अवघडते."

"भ्या तर वाटत न्हाई ना आत?"

"नाही. झोप लागते. मला तर गाढ लागली."

त्यानं मान हलवली. खांद्यावरच्या पंचानं डोळे पुसले. अशोक समाजमंदिराची किल्ली घेऊन आला आणि घरातली आईची गोधडीही काखेत मारून आणली. दोघं पायऱ्या उतरले. अंगणात नामदेव थांबला आणि मागं वळून म्हणाला,

"बरं झालं भाऊसाहेब, तुमी सायकल चालवली न्हाई ते. चालवली असती तर ह्यातलं काय ठावं असतं तुमाला?"

अख्ख्या नोकरीत मला कुणी शाबासकी दिली नव्हती. पहिली मिळाली ती निवृत्तीनंतर, आणि तीही न केलेल्या कामाबद्दल.